मदत हवी आहे: वायरलेस नेट सारखं जातं, आणि तपासताना इतरांचे रेडिओही दिसले

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात फायबर नाही. तीन वर्षं टॉवरवरून येणारं वायरलेस नेट वापरतो आहे. गच्चीवर पाइपला बांधलेली डिश, तिच्या पाठीला रेडिओ, तिथून एकच केबल खाली. खाली त्याच केबलमधून रेडिओला वीज देणारा ॲडॅप्टर आणि त्याच्यापुढे घरचा राउटर. टॉवर ३ किलोमीटरवर, मध्ये आडवं काही नाही. माझं सगळं काम घरून चालतं आणि आईचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणंही याच लाइनवर होतं. त्यामुळे लाइन गेली की फार अडतं.

गेले दोन महिने रोज चार-पाच वेळा जाते आहे. ऑफिसला फोन केला की "राउटर बंद करून चालू करा". त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने डिश थोडी हलवली, मोबाइलवर सिग्नलचा आकडा उणे ६१ (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार) दाखवला आणि "सर, सिग्नल एकदम फुल आहे" म्हणून निघाला.

शेवटी मी वहीत वेळा लिहायला घेतल्या. दोन प्रकार दिसले. पहाटे ५ ते ८ मध्ये आणि पावसानंतर नेट दोन-तीन मिनिटं जातं आणि आपोआप येतं. संध्याकाळी ७ नंतर मात्र राउटरचे सगळे दिवे हिरवे असतात, वायफाय जोडलेलं असतं, पण एकही पान उघडत नाही. अशा एका संध्याकाळी राउटरच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या) पानावर १९२.१६८.०.१०४ असा आयपी पत्ता दिसला. एरवी तो १००.७२ ने सुरू होतो.

घरचा राउटर बाजूला काढून लॅपटॉप थेट ॲडॅप्टरला लावला. रेडिओच्या पानाला फॅक्टरीतून आलेला, माहितीपत्रकात छापलेला पासवर्डच चालला. रेडिओ प्रोव्हायडरच्या मालकीचा आहे, म्हणून आत काही बदललं नाही, फक्त पाहिलं. सिग्नल उणे ६१, नॉइज (हवेतला नको असलेला गोंगाट) उणे ९४. केबलची जोडणी मात्र १०० ऐवजी १० एमबीपीएसवर. फर्मवेअर, म्हणजे रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर, २०१७ चं. रेडिओ जेमतेम ५ तासांपूर्वी चालू झालेला, आणि लॉगमधल्या तारखा १ जानेवारी १९७० पासून सुरू.

मग उत्पादक कंपनीचं रेडिओ शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. माझा एक दिसेल असं वाटलं होतं, यादीत ३१ निघाले. प्रत्येकापुढे ग्राहकाचं नाव, काहींपुढे घर क्रमांकही. मी तिथेच थांबलो, कोणाचंही पान उघडलं नाही. पण मला ते दिसतात तर मीही त्यांना दिसतो, हे काही डोक्यातून जात नाही.

कोणी आत शिरून रेडिओ रीस्टार्ट करत असेल का? बँकेचे व्यवहार या लाइनवर करावेत का? आणि प्रोव्हायडरला हे कसं सांगावं, की मलाच चोर ठरवणार नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

वेळा लिहून ठेवल्यात ते फार चांगलं केलंत, निम्मं काम तिथेच झालं. नेट गेलं की सगळ्यात आधी रेडिओचा अपटाइम, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते, बघायचा. तो शून्यावरून सुरू झाला असेल तर वीज तुटली किंवा रेडिओ रीस्टार्ट झाला. अपटाइम तसाच चालू असेल तर हवेतल्या लिंकमध्ये किंवा पुढे टॉवरकडे शोधायचं.

पहाटेचा प्रकार मला कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्याचा वाटतो. असे बरेच रेडिओ २४ व्होल्टवर चालतात आणि वीज केबलच्या ४-५ आणि ७-८ या तारांतून जाते. डेटा १, २, ३, ६ मधून. दव पडलं की पिनांमध्ये ओल धरते, व्होल्टेज पडतं, रेडिओ मरतो आणि परत उठतो. बहुतेक रेडिओंत घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून तो उठतो तेव्हा त्याच्यासाठी १९७० साल असतं. १० एमबीपीएसही त्याच ओलीचं लक्षण. यात कोणी आत शिरल्याची खूण नाही. गच्चीवर जाऊन रेडिओच्या बुडाचं झाकण उघडून बघा, त्याआधी खाली ॲडॅप्टरची वीज काढा.

प्रतिसाद २

दिशा बरोबर आहे म्हणून गप्प बसू नका, झाडं वाढलीत का तेही बघा. समोर टॉवर डोळ्यांना दिसला म्हणजे रस्ता मोकळा असं नसतं. लहरींना सरळ रेषेच्या भोवती लांबट फुग्यासारखी जागा लागते, फ्रेनेल झोन म्हणतात तिला. ५.८ गिगाहर्ट्झला ३ किमीच्या लिंकमध्ये मधोमध तिची त्रिज्या सव्वासहा मीटरच्या आसपास येते आणि त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी.

प्रतिसाद ३

अशाच एका छोट्या प्रोव्हायडरकडे मी बरीच वर्षं टॉवरवर चढलो आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो.

उणे ६१ आणि नॉइज उणे ९४ म्हणजे ३३ डीबीचं अंतर. सिग्नल खरंच चांगला आहे, झाडांचा प्रश्न नाही. संध्याकाळची भानगड वेगळी आहे आणि ती १९२.१६८.०.१०४ नेच सांगून टाकली. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते प्रोव्हायडरच्या आतल्या वापरासाठी राखलेले असतात, तुमचा १००.७२ त्यातलाच. १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते मात्र घरगुती राउटर वाटून देतात. म्हणजे कोणीतरी ग्राहकाने रेडिओची वायर राउटरच्या वॅनऐवजी लॅनच्या (घरातल्या उपकरणांसाठीच्या) भोकात घातली आहे. संध्याकाळी तो घरी येऊन राउटर चालू करतो आणि त्याचा राउटर ओळीतल्या सगळ्यांना पत्ते वाटायला लागतो. ज्याचं उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता तुमचा राउटर घेतो. त्या बिचाऱ्याला याची कल्पनाही नसेल.

आता हे आणि ते ३१ रेडिओ जोडून बघा. दोन्ही एकाच चुकीतून आलेत: सगळे ग्राहक एकाच सपाट नेटवर्कवर आहेत. टॉवरच्या रेडिओवर क्लायंट आयसोलेशन (ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं) नाही, स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते वाटणाऱ्या परक्या राउटरला अडवणं) नाही, रेडिओंची देखभाल वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर) नाही. आज कोणाच्या चुकीने नेट जातं, उद्या कोणी मुद्दाम असाच राउटर लावून तुमचा ट्रॅफिक आपल्याकडून फिरवू शकतो.

भीती पोकळ नाही, हे आधी घडलं आहे. मे २०१६ मध्ये युबिक्विटी कंपनीच्या एअरओएस प्रणालीवर चालणाऱ्या रेडिओंत एक वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरस, पसरला. सॉफ्टवेअरमधल्या ज्या छिद्रातून तो शिरायचा त्याची दुरुस्ती जुलै २०१५ मध्येच आली होती, पण असंख्य रेडिओ अपडेटच झाले नव्हते. तो एका रेडिओतून शेजारच्यात उडी मारायचा आणि काही ठिकाणी रेडिओ थेट फॅक्टरी सेटिंगवर नेऊन ठेवायचा. तसं झालं की माणसाला घरोघरी गच्चीवर पाठवण्यावाचून उपाय नसतो. २०१८ मध्ये मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांत, विनबॉक्स या त्यांच्या व्यवस्थापनाच्या सोयीतल्या छिद्रातून, पासवर्डची फाइलच वाचता यायची. दुरुस्ती एप्रिलमध्ये आली, तरी ऑगस्टपर्यंत २,००,००० हून जास्त राउटरमध्ये क्रिप्टो नाणी खोदणारी स्क्रिप्ट घुसवलेली सापडली. दोन्ही वेळा औषध आधीच तयार होतं, लावलं नव्हतं. म्हणून तुमचं २०१७ चं फर्मवेअर मला खुपतं.

बँकेचं म्हणाल तर व्यवहाराचा मजकूर बँकेपर्यंत एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊनच जातो. मध्ये शिरलेला माणूस डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून तुम्हाला खोट्या पानावर नेऊ शकतो, पण तेव्हा ब्राउझर प्रमाणपत्राचा (साइटच्या ओळखपत्राचा) इशारा देतो. तो इशारा कधीही ओलांडायचा नाही. ब्राउझरमध्ये एन्क्रिप्टेड डीएनएस चालू करा. घरच्या राउटरचा पासवर्ड बदला, बाहेरून व्यवस्थापन आणि यूपीएनपी (उपकरणांना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद ठेवा, त्याचं फर्मवेअर अद्ययावत करा. राउटरच्या वॅनपलीकडे सगळा सार्वजनिक रस्ता आहे असंच धरून चाला.

रेडिओचं फर्मवेअर मात्र स्वतः बदलू नका. तुमची केबल अजून दगा देते आहे, अपडेटच्या मध्येच वीज तुटली तर रेडिओ कायमचा जाईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज गच्चीवर जाऊन आलो. रेडिओच्या बुडाचं झाकण नव्हतंच, आणि केबल वरून सरळ खाली कनेक्टरमध्ये घुसत होती. प्लग बाहेर काढला तर ४ आणि ५ नंबरच्या पिना हिरव्या पडलेल्या, वरचा सोनेरी मुलामा गेलेला. शेजारच्या ३ आणि ६ वरही काळपट थर. नखाने खरवडला तर पूड हाताला लागली.

प्रतिसाद १

हेच ते. ओल आणि डीसी वीज एकत्र आली की पिना खाल्ल्या जातात. नवा प्लग मारताना केबल हातभर कापून टाका, पाणी आवरणाच्या आतून पुढे सरकलेलं असतं. कापलेल्या टोकाला तांब्याच्या जागी पांढरी ॲल्युमिनियम तार दिसली तर पूर्ण केबल बदलायला सांगा. आणि प्लगमध्ये जाण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. रेडिओतलं सॉकेटही तपासा, तिथल्या पिना गेल्या असतील तर नवा प्लगही टिकणार नाही.

प्रतिसाद ३

प्रोव्हायडरला लेखी कळवा. "तुमचं नेटवर्क असुरक्षित आहे" अशी सुरुवात केलीत की समोरचा बचावात जातो. आधी बंद पडल्याच्या वेळा द्या. पुढच्या वेळी चुकीचा पत्ता आला की गेटवेचा (तो पत्ता देणाऱ्या राउटरचा) मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक, टिपून तोही द्या. स्विचच्या टेबलात तो शोधला की कोणत्या ग्राहकाकडून येतो ते त्यांना लगेच कळतं. मग ३१ रेडिओंची गोष्ट सांगा आणि कोणाचंही पान उघडलं नाही हे स्पष्ट लिहा. इतरांची नावं असलेला स्क्रीनशॉट कुठेही टाकू नका, इथेही नाही.

धागाकर्ता

बारा दिवसांनी लिहितो आहे. केबल आणि प्लग बदलले, जोडणी १०० वर आली. रेडिओ ११ दिवस अखंड चालू आहे. मॅक पत्ता पाठवला त्याच संध्याकाळी त्यांच्या तंत्रज्ञाचा फोन आला: एका ग्राहकाची वायर खरोखर लॅनमध्ये होती. आयसोलेशनही चालू केलं, आता शोधात माझा एकच रेडिओ दिसतो. फॅक्टरीचा पासवर्डही चालत नाही. फर्मवेअर बाकी आहे. त्यांनी म्हटलं आहे की तुम्हाला सल्ला देणारे जे आहेत त्यांनाच विचारा, आधी टॉवरचा रेडिओ करावा की ग्राहकांकडचे?

प्रतिसाद ३

आधी ग्राहकांकडचे, शेवटी टॉवरचा. टॉवर आधी बदलला आणि जुन्या रेडिओंशी त्याचं जुळलं नाही, तर सगळे एकदम तुटतील आणि प्रत्येक गच्चीवर चढावं लागेल. पहिल्या दिवशी दोन-तीनच करा, सेटिंगची प्रत काढून ठेवा, दोन दिवस बघा, मग बाकीचे. फर्मवेअरची फाइल उत्पादकाच्या साइटवरूनच घ्या.