एकच फोन घ्यावा की गाण्यांचं यंत्र वेगळंच ठेवावं?

अजनीकर
नागपूरच्या छत्रपती चौकातून सकाळी कंपनीची बस पकडतो आणि बुटीबोरी येईपर्यंत गाणं ऐकतो. संध्याकाळी परतताना तेच. आजवर खिशात दोन वस्तू असायच्या: बटनांचा फोन आणि मेमरी कार्डवाला म्युझिक प्लेयर. आता प्लेयरची पाठ थोडी फुगल्यासारखी दिसते, आणि फोन तर बदलावाच लागणार. बँक, कंपनीचे निरोप, मेट्रोचं तिकीट, सगळंच स्मार्टफोनवर गेलं आहे.

माझं मत असं की आता प्लेयर परत घेण्यात अर्थ नाही. ॲपलचा आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा फोनमध्ये धड दहा गाणी मावत नव्हती, म्हणून वेगळं यंत्र लागायचं. ते कारणच संपलं. त्याच कंपनीने मे २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही बंद केला, यातच काय ते आलं. पंधरा हजारांच्या आतला एखादा फोन बघायचा, त्याला तारेचा इअरफोन घालायची पिन आणि कार्डाची जागा असली म्हणजे काम झालं. संग्रह माझा स्वतःचा आहे: सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवलेलं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, शिवाय वडिलांच्या कॅसेटी. महिन्याचं वर्गणीचं ॲप मला नको.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी का पटत नाही ते सांगावं.

तर्रीपोहा
काका, आधी एक काम करा. प्लेयरची बॅटरी फुगली असेल तर आजपासून चार्जिंगला लावू नका, उशाजवळ तर अजिबात ठेवू नका. बाकी वाद नंतर.

कानसेन
मला नाही पटत. जागेचा प्रश्न कधीच नव्हता, प्रश्न लक्षाचा आहे.

विलंबित ख्याल चांगला तीस-चाळीस मिनिटं चालतो. गवई सावकाश एकेक सूर उघडत जातो, आणि तुम्ही त्याच्याबरोबर राहिलात तरच पुढच्या द्रुतात, म्हणजे जलद भागात, मजा आहे. फोनवर हे करून दाखवा. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते, टुंग वाजतं, त्या टुंगसाठी फोन गाण्याचा आवाज खाली करतो, आणि हे नेमकं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, होतं. मग तुम्ही बघता की कोणी काय लिहिलं. मग दुसरं काहीतरी बघता. वाटेत खापरी गाव येतं आणि राग कोणता चालू होता तेही आठवत नाही. प्लेयरमध्ये बघण्यासारखं काही नसतं, हीच त्याची खुबी.

तर्रीपोहा
कानसेन काका, त्याला डू नॉट डिस्टर्ब म्हणतात. एकदा बटन दाबलं की विषय संपला. घरच्या दोन नंबरांना तारांकित करा, तेवढेच वाजतील. फोनला शिव्या देण्यापेक्षा सेटिंग पाहून घ्या ना!

आणि पिन, कार्ड हे सगळं काय घेऊन बसलात? आयफोनमधून पिन २०१६ मध्ये गेली, बाकीचे मागोमाग गेले. बिनतारी इअरबड घ्या, ॲपवर गाणी लावा. बसमध्ये इंजिनाची घरघर, वरून वर्धा रोडचा हॉर्न. त्यात तुमचं फ्लॅक कोणाला कळून राहिलं?

निवृत्त_मास्तर
तर्रीपोहा, ॲपवर गाणी लावा म्हणणं सोपं आहे. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं रचलेल्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली, कारण दोन कंपन्यांचा करार जुळला नाही. ऐकणाऱ्याला कोणी विचारलं? डाउनलोड केलेलं गाणंसुद्धा तुमचं नसतं, वर्गणी संपली की तेही बंद. स्पॉटिफायवर तर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावंच लागतं.

अजनीकरांच्या वडिलांच्या कॅसेटी कोणत्याच ॲपवर सापडायच्या नाहीत. संग्रह स्वतःच्या फाइलींचाच हवा. पण त्या फाइली फोनमध्ये ठेवल्या तर काय बिघडतं हे मला कानसेनांच्या लिहिण्यातून कळलं नाही.

बर्डीवर_दुकान
सीताबर्डीला मोबाइलचंच काम करतो, म्हणून गिऱ्हाइकांचं जे पाहतो ते सांगतो.

गंमत अशी आहे राजेहो, पंधरा हजारांच्या आत पिन आणि कार्ड दोन्ही असलेले फोन अजून सापडतात. पन्नास हजारांच्या वर गेलात की पिन जवळपास नाहीच, आणि कार्डही नाही. म्हणजे गाण्यांसाठी जास्त पैसे मोजायला निघालेला माणूस उलट फसतो. अजनीकर भाऊंचं बजेट बरोबर जागी आहे.

मात्र दोन गोष्टी दुकानात उभं राहूनच तपासा. काही फोनमध्ये दोन सिमच्या ट्रेमध्येच कार्डाची जागा असते, म्हणजे दुसरं सिम घाला नाही तर कार्ड. तुम्हाला कंपनीचं सिम वेगळं असेल तर इथेच अडाल. आणि स्वतःचे इअरफोन घेऊन या, पिनमध्ये घाला, आवाज पूर्ण बंद करून कान द्या. मागे सूंऽऽ असा आवाज येत असेल तर दुसरा फोन बघा. आम्ही दुकानदार लाजत नाही, तुम्ही पण लाजू नका.

कार्ड फुटपाथवरून घेऊ नका. वर १ टीबी लिहिलेलं कार्ड दोनशे रुपयांत मिळतं, ते खोटं असतं. आत जागा थोडीच असते, फोनला मात्र ती मोठी दिसते. भरत जाता तोवर सगळं ठीक, मग एक दिवस फाइली उघडत नाहीत.

हिंगणा_शिफ्ट
मी दोन्ही ठेवतो आणि ठेवणार. कारण साधं आहे. रात्री शिफ्ट सुटते तेव्हा फोनमध्ये बॅटरी पाहिजे. क्यूआरचं तिकीट फोनवर, पोह्याचे पैसे फोनवर, घरी फोन करायचा तोही फोनवर. गाण्यापायी तो मेला तर मी लोकमान्य नगर मेट्रो स्टेशनवर उभा. प्लेयर मेला तर फक्त गाणं बंद.

तर्रीपोहा
दादा, गाण्याने फोन मरत नाही. फोनमधली फाइल, स्क्रीन बंद, तारेचा इअरफोन, याला बॅटरी फार कमी लागते. बॅटरी खातो तो स्क्रीन आणि नेटवर्क. तुम्ही गाणं लावून रील्स पाहून राहिले असाल, तो हिशेब गाण्याच्या नावावर लिहू नका.

हिंगणा_शिफ्ट
रील्स पाहतोच. कोण नाही पाहत? म्हणून तर वेगळा प्लेयर ठेवला ना बावा.

कानसेन
हिंगणा_शिफ्ट यांनी दोन ओळीत माझं म्हणणं मांडलं. डू नॉट डिस्टर्ब फोनला गप्प करतं, तुमच्या अंगठ्याला नाही. पुढचं गाणं लावायला स्क्रीन उघडावी लागते, आणि एकदा उघडली की उघडली. प्लेयरला बाजूला बटनं असतात, खिशातल्या खिशात चाचपून गाणं बदलतं.

मास्तरांनी विचारलं की काय बिघडतं. फाइलींचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं.

सावजी_नको_मला
इथे सगळे असं लिहून राहिले आहेत जणू फोन एकाच माणसाचा असतो. आमच्या घरी संध्याकाळी माझा फोन माझ्याकडे नसतोच. मुलगा शाळेचा गृहपाठ बघायला नेतो, सासूबाई नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलतात, आणि मला स्वयंपाक करताना गाणं हवं असतं. म्हणून मी छोटा प्लेयर ओट्यावर ठेवते. त्याला कोणी हात लावत नाही, कारण त्यात गाण्यांशिवाय काही नाही.

पण प्लेयरवाल्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. स्वस्त प्लेयरला मराठी वाचता येत नाही. मी गाण्यांची नावं देवनागरीत दिली तर पडद्यावर नुसत्या चौकटी. शेवटी सगळी रोमन लिपीत बदलावी लागली. फोनवर हा त्रास नाही. अजनीकर दादांनी वडिलांच्या कॅसेटींना मराठीत नावं दिली असतील तर त्यांना फोनच बरा.

अजनीकर
सावजी_नको_मला ताई, नावं सगळी मराठीत आहेत. गायक, राग, साथीला कोण, कॅसेटवर वडिलांनी लिहिलेली तारीख, सगळं. जुन्या प्लेयरवर मी ती क्रमांकाने ओळखायचो. हा मुद्दा माझ्या बाजूला जमा.

कानसेन, अंगठ्याचं तुमचं म्हणणं खोटं नाही. पण पाच-सहा हजारांचं दुसरं यंत्र केवळ स्वतःवर भरवसा नाही म्हणून घ्यायचं? मी बस सुरू झाली की फोन वरच्या खिशात ठेवतो आणि तारेवरच्या बटनाने गाणं पुढे नेतो. तारेच्या बऱ्याच इअरफोनला ते बटन असतं. दोनदा दाबलं की बहुतेक फोनवर पुढचं गाणं.

आवाजाच्या दर्जाचं कोणी बोललं नाही. फोनच्या पिनेतून येणारा आवाज खरंच कमी असतो का?

कानसेन
आवाजासाठी मी प्लेयरची वकिली करणार नाही. साध्या इअरफोनवर चांगला फोन आणि मध्यम प्लेयर यांत फरक काढायला मलाही कष्ट पडतात. मोठे, जास्त रोधाचे हेडफोन असतील तर फोन कमी पडतो, आवाज पूर्ण वाढवूनही भरत नाही. बसमध्ये ते कोणी घालत नाही.

फरक पडतो तो ब्लूटूथने. फ्लॅकमधलं सगळं बिनतारी पोहोचत नाही, वाटेत पुन्हा दाबलं जातं. सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. ब्लूटूथवर आवाज पाठवायचं सोनीचं तंत्र एलडॅक, ते सर्वांत मोकळं असताना ९९०, आणि गर्दीत तेही स्वतःहून खाली उतरतं. आयफोनवर एलडॅक नाहीच. म्हणून तर्रीपोहांचे इअरबड मला नकोत.

तर्रीपोहा
आकडे खरे आहेत, ऐकू येणारा फरक खरा आहे का ते सांगा. मित्राला फायली बदलून-बदलून लावायला सांगा, कोणती कोणती ते तुम्हाला कळू देऊ नका. तेही चालत्या बसमध्ये. मग बोलू.

आणि ज्याला खरंच चांगला आवाज पाहिजे त्याने यूएसबी-सीचं छोटं डोंगल लावावं. त्यात स्वतःची डॅक चिप, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, असते, फोनची पिन कशी का असेना. म्हणजे पिन नसलेला फोनही चालतो.

बर्डीवर_दुकान
डोंगल घेताना सांभाळा. काही डोंगलमध्ये चिप नसतेच, नुसती तार असते. ते मोजक्याच फोनवर चालतं, बाकीच्यांवर गप्प बसतं. आणि डोंगल लावलं की चार्जिंगचं भोक गेलं. ते सारखं काढघाल करून तेच भोक ढिलं होऊन माझ्याकडे येतं. पिनवाला फोन मिळत असताना हा उपद्व्याप काहून?

निवृत्त_मास्तर
एक मुद्दा राहून गेला. पिनवाल्या फोनात एफएम रेडिओ असण्याची शक्यता जास्त, कारण इअरफोनची तारच त्याचा अँटेना असते. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून आहे, आणि अजूनही सकाळी रेडिओ लावल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही असे आम्ही काही जण शिल्लक आहोत. सरकारने २०२३ मध्ये फोन कंपन्यांना एफएम बंद करू नका असं सांगितलं होतं, ते आपत्तीच्या वेळी कामी येतं म्हणून. तरी दुकानात उघडून बघाच.

हिंगणा_शिफ्ट
मे महिन्याबद्दल कोणीच कसं बोललं नाही? ४५ च्या वर पारा, बस डेपोत उन्हात तापलेली. फोन तापला की मंद होतो, चार्जिंग थांबवतो. ॲपल तर आयफोन ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणतं. आपल्याकडे ३५ म्हणजे मार्चमधली सकाळ.

तर्रीपोहा
हौ, पण प्लेयरमध्ये पण लिथियमचीच बॅटरी आहे दादा. अजनीकर काकांचा फुगला तो काय थंडीने?

सावजी_नको_मला
😄 हे बरोबर बोलले.

अजनीकर
मग ठरलं. पिन असलेला, एफएमवाला, सिमच्या दोन जागा सोडून कार्डाला तिसरी जागा असलेला फोन. १२८ जीबीचं कार्ड. सीडीचं एक तास संगीत फ्लॅकमध्ये साधारण तीनशे-साडेतीनशे एमबी होतं, म्हणजे साडेतीनशे तासांच्या वर मावेल. कॅसेटींचं एमपी३ मध्ये आहे, त्याला जागा आणखी कमी लागते. शनिवारी बर्डीला जातो.

कानसेन, तुम्ही रागावू नका. बसमध्ये डेटा बंद ठेवीन.

कानसेन
रागावत नाही, पण पटलेलंही नाही. गाणी वाजवायचं ॲप निवडताना एक बघा: दोन फाइलींच्या मध्ये ते थांबतं का. तुमच्या सीडींवर विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असेल, आणि मध्ये तबला चालूच असेल. तिथे अर्ध्या सेकंदाची खाच पडली की सगळं गेलं. गॅपलेस असं लिहिलेलं असतं, तरी स्वतः ऐकून खात्री करा.

बर्डीवर_दुकान
शनिवारी जरूर या, पण संध्याकाळी येऊ नका, गर्दी असते. आणि कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात की हे फोनच्या आतल्या जागेसारखं वापरायचं का. तिथे हो दाबू नका. हो म्हटलं की फोन कार्ड पुसतो आणि कुलूपबंद करून स्वतःशी जोडून घेतो. मग उद्या फोन बिघडला तर ते कार्ड दुसऱ्या कशातच वाचता येत नाही. वडिलांच्या कॅसेटींची एक प्रत घरच्या संगणकावरही राहू द्या.