हैतीचं भोपळ्याचं सूप आणि त्यामागचा इतिहास, कोणी नीट सांगेल का?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी बॉस्टनजवळ नर्सिंग होममध्ये काम करते. माझ्याबरोबर हैतीच्या एक बाई आहेत, वयाने माझ्या मावशीएवढ्या. १ जानेवारीला आमची दोघींची ड्युटी होती तर त्या घरून मोठं पातेलं भरून लाल भोपळ्याचं सूप घेऊन आल्या आणि सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. म्हणाल्या आज आमचा स्वातंत्र्यदिन, आज हे खायचंच असतं, कारण आमच्या पूर्वजांना हे खायची बंदी होती. मग भांडी धुताना एवढंच बोलल्या की आम्ही आमच्या स्वातंत्र्याचे पैसे भरलेत. पुढे त्या गप्प झाल्या आणि मलाही विचारवेना. मला हैती म्हणजे २०१० चा भूकंप आणि आता टोळीयुद्धाच्या बातम्या, यापलीकडे काही माहीत नाही, आणि इतकी वर्षं सोबत काम करून माहीत नाही याचं फार वाईट वाटतंय. हे पैसे भरले म्हणजे काय? बंदी खरंच होती का? आणि त्यात बीफ असतं म्हणून मी नुसतं वरचं घेतलं, शाकाहारी करता येतं का तेही सांगा.

चरकवाला
ताई, त्याला क्रियोल भाषेत सुप जुमू म्हणतात. मळ्यातले गुलाम भोपळा पिकवायचे, सूप शिजवायचे, पण ते जायचं मालकाच्या टेबलावर, असं तिथे पिढ्यानपिढ्या सांगतात. १ जानेवारी १८०४ ला गोनाईव गावात उठावाचा सेनापती देसालिन याने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच्या बायकोने, मारी-क्लेर हिने, त्या दिवशी सगळ्यांना हेच सूप वाटायला लावलं अशी आठवण लोकांनी जपलीय. २०२१ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्या यादीतलं हैतीचं हे पहिलंच नाव.

पण सूप कळायला आधी साखर कळायला पाहिजे. कॅरिबियन बेटावरचं हैती तेव्हा फ्रेंच वसाहत होती, नाव सँ-दोमँग. गुलामांच्या क्रांतीच्या आधी तिथे जवळजवळ पाच लाख गुलाम होते आणि युरोपात खपणाऱ्या साखरेचा मोठा हिस्सा आणि निम्म्याहून जास्त कॉफी एवढ्याशा जागेतून जायची. आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे हे वाचताना मला फार त्रास झाला, कारण ऊस तोडला की रस लगेच काढावा लागतो, थांबला तर आंबतो, म्हणून हंगामात तिथले चरक रात्रंदिवस चालायचे आणि झोपेने पेंगलेल्या माणसाचा हात चरकात गेला तर तोडायला जवळ कोयता ठेवलेला असायचा. काहिलीपाशी उकळत्या रसाने भाजलेले वेगळेच. माणसं इतकी मरायची की दरवर्षी आफ्रिकेतून नवीन हजारो आणत होते. म्हणजे १७९१ ला उठाव झाला तेव्हा बहुतेकांचा जन्म आफ्रिकेतला, स्वातंत्र्य काय असतं ते त्यांनी स्वतः बघितलेलं होतं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जुनं_पान
पैशांबद्दल मी सांगतो, कारण हे आपल्याकडे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

नेपोलियनने १८०२ मध्ये प्रचंड फौज पाठवली, गुलामी परत आणायची म्हणून. उठावाचा मोठा नेता तुसाँ लुव्हेर्च्यूर, त्याला बोलणी करायच्या नावाखाली बोलावून पकडलं, फ्रान्सच्या डोंगरातल्या जू किल्ल्यात थंडीत कोंडलं, एप्रिल १८०३ मध्ये तो तिथेच वारला. तरी १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तियेरच्या लढाईत फ्रेंच हरले. गुलामांनी उठाव करून स्वतःचं राष्ट्र उभं केलं, ते टिकवलं, अशी ही जगातली एकमेव घटना आहे.

मग १८२५. फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स, त्याने युद्धनौकांचा ताफा पाठवला आणि कळवलं की १५ कोटी फ्रँक द्या तर तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो. कशाचे पैसे? मळेवाल्यांचं नुकसान झालं त्याचे! जमिनी तर धरल्याच पण त्या हिशोबात गुलाम माणसंसुद्धा मालमत्ता म्हणून धरलेली. म्हणजे ज्यांना विकत घेतलं होतं त्यांनीच आपली किंमत जुन्या मालकाला परत द्यायची. हैतीचे राष्ट्राध्यक्ष बुवाये यांनी तोफांसमोर मान्य केलं. पहिल्या हप्त्याला पैसे नव्हते तर पॅरिसच्याच बँकांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले ६० लाख बँकांनी आधीच कापून घेतले आणि हातात आले २ कोटी ४० लाख. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण कर्ज फेडायला कर्ज असं करत करत शेवटचं देणं मिटलं १९४७ ला. आपलं स्वातंत्र्य ज्या वर्षी आलं त्याच वर्षी. कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या करातून हे गेलं, त्यातून शाळा, रस्ते, दवाखाने व्हायचे होते. तुमच्या सहकारी बाई ज्याबद्दल बोलल्या ते हेच.

आणि मधे अमेरिकेने १९१५ ते १९३४ देश ताब्यात ठेवला. त्याच्या आधी १९१४ च्या डिसेंबरमध्ये तर नौसैनिक उतरवून तिथल्या राष्ट्रीय बँकेतलं पाच लाख डॉलरचं सोनं न्यूयॉर्कला नेलं. बातम्यांत दर वाक्याला गरीब देश गरीब देश म्हणतात ना, तेव्हा मला हे आठवून राग येतो.

सांजवात
जुनं पान, सगळं बरोबर, पण एक भर घालते. आतला इतिहासही कठोर आहे, तो लपवून चालणार नाही. देसालिनने १८०४ मध्ये देशात उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची कत्तल करवली, बायकापोरांसकट, आणि दोनच वर्षांनी त्याचाही खून झाला, आपल्याच माणसांकडून. उत्तरेत त्याचाच एक सेनापती क्रिस्तोफ राजा झाला. फ्रेंच परत येतील या भीतीने त्याने सुमारे ९०० मीटर उंच डोंगरावर सितादेल किल्ला बांधला, त्याच्या तोफा आणि गोळ्यांचे ढीग अजून तिथे आहेत, फ्रेंच काही आले नाहीत. पण तो किल्ला हजारो माणसांच्या सक्तीच्या कामावर उभा राहिला, मोकळे झालेल्या माणसांकडून परत वेठ! १८२० मध्ये बंड झालं तेव्हा क्रिस्तोफने स्वतःला गोळी घातली आणि त्याला त्याच किल्ल्यात पुरलं. खाली मिलो गावात त्याच्या सँ-सूसी राजवाड्याचे अवशेष आहेत, १८४२ च्या भूकंपात तो पडला. हे सगळं १९८२ पासून जागतिक वारसा आहे.

आणि वोदूबद्दल कोणीच बोललं नाही. सिनेमातल्या बाहुल्या-सुया विसरा. तो धर्म आहे, पश्चिम आफ्रिका आणि काँगोकडच्या श्रद्धा आणि कॅथलिक संत एकत्र येऊन झालेला. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्वा कायमानच्या रानात वोदूचे पुजारी बुकमान आणि सेसिल फातिमान यांनी शपथ घ्यायला लावली आणि मग मळे पेटले असं मानतात. एझिली दांतोर नावाची देवी आहे, तिचं चित्र पाहिलंत तर गालावर व्रण असलेली काळी मेरी दिसते, ते चित्र मूळचं पोलंडचं, कारण नेपोलियनच्या फौजेत पोलिश सैनिक होते आणि त्यातले काही बाजू बदलून हैतीतच राहिले. एका देशाची देवी दुसऱ्या देशाच्या आईसारखी होते, मला हे वाचून अंगावर काटा आला होता. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चने मोहीम काढून ढोल जाळले, देवस्थानं मोडली. सरकारी मान्यता मिळाली थेट २००३ मध्ये.

रानजाई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं. आज ब्रेकमध्ये मी त्यांना फक्त १८२५ म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या गोनाईवच्याच आहेत हेही आज कळलं. पुढच्या १ जानेवारीला मीच सूप करून नेणार आहे, त्यांना विचारलं, चालेल म्हणाल्या. तर शाकाहारीचं सांगा ना कोणीतरी.

चरकवाला
होतं ताई. मुख्य चव भोपळ्याची आणि वाटणाची आहे. पार्सली, थाईम, लसूण, कांद्याची पात आणि लिंबू, हे वाटून एक दिवस आधी ठेवायचं. भोपळा उकडून घोटून घ्या, त्यात गाजर, बटाटा, कोबी, सलगम, मिळाली तर मलांगा, नाहीतर आपली अळकुडी, आणि शेवटी थोडा पास्ता. बीफऐवजी राजमा घाला म्हणजे सुपाला दाटपणा येईल. त्यांची ती गोल तिखट मिरची अख्खीच सोडायची आणि वाढायच्या आधी काढायची, ढवळताना फुटू देऊ नका, नाहीतर पातेलंभर तिखट होईल.