व्हॉल्व्ह लाल झालाय, कुणाला कळतं का?

बी-३०४, रात्री ९:१२
व्हॉल्व्ह लाल झालाय. कुणाला यातलं कळतं का? जरा अर्जंट आहे.

सेक्रेटरी
गच्चीवरचा का? सकाळीच बघून आलो मी, ठीक होता.

सी-१०१
म्हणजे उद्या पाणी नाही?? आधी सांगत जा हो.

बी-३०४
पाण्याचा नाही! माझ्या गिटारच्या अँपचा. काचेचा व्हॉल्व्ह, ट्यूब.

ए-१०२
आधी बंद कर. मग लिही.

बी-३०४
केला काका, स्टँडबायवर टाकला.

ए-१०२
स्टँडबाय नव्हे. मेन स्विच बंद, प्लग बाहेर.

बी-३०४
काढला.

ए-१०२
आता नीट सांग, लाल कुठं दिसलं? आत बारीक केशरी उजेड असतो तो हीटरचा, तो असायलाच हवा. काचेवर निळसर झाक असली तरी बिघडत नाही. आतला राखाडी पत्रा लाल झाला होता का?

बी-३०४
पत्राच. मधोमध नाण्याएवढा डाग. दोनपैकी डाव्याचाच, उजवा नॉर्मल. दोनेक मिनिटं होता, मी फोटो काढत होतो ग्रुपवर टाकायला.

ए-१०२
धन्य आहेस. पत्रा लाल दिसला की फोटो नाही, आधी स्विच. त्या दोन मिनिटांत व्हॉल्व्ह जातो, कधी कधी जाताना ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो.
कुठला व्हॉल्व्ह आहे?

बी-३०४
ईएल-३४ ची जोडी. परवाच नवीन बसवली. मी स्वतः.

ए-१०२
आणि बायस?

बी-३०४
बायस म्हणजे? पुढच्या छोट्या ट्यूब मी सहज बदलतो, कधी काही करावं लागलं नाही.

ए-१०२
छोट्यांना नाही लागत. १२एएक्स७ काढली, दुसरी घातली, झालं. पॉवर व्हॉल्व्हचं तसं नसतं. त्याच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, उणे व्होल्टेज लागतं. तेच बायस, तो त्याचा लगाम. लगाम सैल पडला की करंट उधळतो आणि प्लेट, म्हणजे तो राखाडी पत्रा, तापून लाल होते. तुझ्या अँपला फिक्स्ड बायस, म्हणजे वेगळं ठरवून दिलेलं उणे व्होल्टेज, असेल तर जोडी बदलली की मोजून लावायलाच हवा. कॅथोड बायसवाल्या अँपचं बरंचसं आपोआप जुळतं.

सी-४०२
काका, मध्ये बोलते. ईएल-३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. नुसता चालू असताना, काही वाजत नसताना, त्याच्या ७० टक्क्यांवर जायचं नाही असा ठोकताळा आहे, म्हणजे १७.५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर १७.५ भागिले ४५०, सुमारे ३९ मिलिअँपिअर. ही वरची मर्यादा झाली, तिथेच न्यायला हवं असं नाही.

ए-१०२
शाब्बास. पण बायस चुकला असता तर बहुधा दोन्ही तापले असते. एकच तापतोय म्हणजे त्या बाजूचं काहीतरी आहे. जुनी जोडी बदललीस कशाला?

बी-३०४
वाजवताना चट् चट् आवाज आला, जळका वास आला आणि फ्यूज उडाला. वाटलं ट्यूब गेल्या. फ्यूज मात्र त्याच नंबरचा टाकला हं, मोठा नाही.

ए-१०२
तेवढं तरी बरं केलंस. त्या वेळी स्पीकर कुठला लावला होता?

बी-३०४
स्पीकर नव्हता लावला. रात्र होती. स्पीकरची वायर काढून मागच्या लाइन आउटवरून हेडफोनवर ऐकत होतो.

ए-१०२
अरे देवा.

बी-२०४
एक मिनिट, हे मीच सुचवलं होतं त्याला. म्हटलं रात्री स्पीकर काढून वाजव, बाळ उठतं. काही चुकलं का?

ए-१०२
ताई, तुमचा दोष नाही. साध्या ट्रान्झिस्टरच्या अँपचा स्पीकर काढला तर सहसा काही होत नाही, उलट तिथं वायर शॉर्ट झाली की तो जातो. व्हॉल्व्हच्या अँपचा हिशेब उलटा. आत आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याला भार लागतो. भार नसताना वाजवलं की ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूला व्होल्टेज हजाराच्या वर उसळतं. ते बाहेर पडायला वाट शोधतं, कधी सॉकेटच्या दोन पिनांमधून ठिणगी, कधी ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या इन्सुलेशनला भोक. तुमच्याकडे ऐकू आलं नसेल, पण त्या रात्री तिथं ठिणग्याच उडत होत्या.

बी-३०४
लाइन आउट दिलाय म्हणजे स्पीकर काढून चालतं असं समजलो मी.

ए-१०२
आत डमी लोड, म्हणजे स्पीकरच्या जागी भार घेणारा भाग, दिलाय असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं असेल तरच. आणि स्पीकर लावतोस तेव्हा वायर कुठली?

बी-३०४
गिटारचीच एक जास्तीची.

ए-१०२
ती काढ. तिच्यातली तार बारीक असते, ती फक्त गिटारच्या सिग्नलपुरती. स्पीकरला जाड, दोन तारांची स्पीकर केबल.

सी-४०२
ओहमही बघून घे. ८ ओहमचा एक स्पीकर असेल तर ८ च्या जॅकमध्ये. ८-८ चे दोन पॅरलल लावले तर ४ च्या.

सी-१०१
मी ऐकलंय की हे अँप वीस मिनिटं स्टँडबायवर तापवून मगच वाजवायचे.

ए-१०२
अर्धं-एक मिनिट पुरतं. उलट जेवायला जाताना तासन् तास स्टँडबायवर ठेवू नये. हीटर तापतोय आणि करंट वाहत नाही, ही अवस्था कॅथोडला, म्हणजे हीटरने तापून करंट सोडणाऱ्या भागाला, मानवत नाही. वाजवायचं नसेल तर सरळ बंद करावा.

बी-२०४
पण मग रात्रीचं काय? कमी वॅटचा घेतला तर चालेल ना?

सी-४०२
तिथे गंमत आहे ताई. १०० वॅटच्या जागी ५० केले तर फक्त ३ डेसिबल उतरतात. ५० चे ५ केले तेव्हा कुठे कानाला साधारण निम्मा वाटतो.

बी-२०४
५ वॅटला निम्मा??

सी-४०२
हो ना. म्हणून अ‍ॅटेन्युएटर मिळतो. अँप आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा. अँपला भार पूर्ण मिळतो, बरीचशी ताकद उष्णता होऊन त्यातच मुरते आणि स्पीकरला थोडीच जाते. सगळा भार स्वतःच घेणारा लोड बॉक्स घेतला तर स्पीकरही नको, मग हेडफोन खुशाल.

बी-३०४
घेतो. तोवर सॉकेट बघू का उघडून? प्लग तर काढलाय.

ए-१०२
हात लावायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट साठून राहू शकतात. ते रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरने शून्य झालेत का बघायचं, मगच बोट घालायचं. रेडिओ दुरुस्त करायचो तेव्हा एक हात कायम खिशात असायचा माझा, आणि तरीही एकदा खाली बसलो होतो. तू व्हॉल्व्हवाल्या मेकॅनिककडेच ने. पूर्ण गार झाल्यावर उचल, गरम असताना धक्का लागला की आतले भाग हलतात.

सेक्रेटरी
लिफ्टमधून नेणार असाल तर सकाळी १० नंतर न्या. त्याआधी लिफ्टचं सर्व्हिसिंग आहे.

बी-३०४, शनिवार, संध्याकाळी ५:४०
अँप आला! काका, तुमचं बरोबर होतं. डाव्या सॉकेटवर ३ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये काळा जळका पट्टा होता. शिवाय मी ट्यूब हलवून हलवून उपटल्या, त्यात तिथलीच ५ नंबरची पिन सैल झाली होती.

ए-१०२
पाच म्हणजे ग्रिड. लगामच पोचत नव्हता त्याला. व्हॉल्व्ह सरळ वर ओढायचा असतो, कणसासारखा पिळायचा नाही. ट्रान्सफॉर्मर?

बी-३०४
वाचला. सॉकेट नवीन घातलं, आणि लाल झालेली ट्यूब काढून नवी जुळवलेली जोडी. प्लेटवर ४४८ व्होल्ट आणि ३४ मिलिअँपिअर लावलेत.

सी-४०२
१५.२ वॅट. ६१ टक्के. छान.

बी-३०४
ताई, आज साडेसहा ते सात वाजवू का? स्पीकर लावून.

बी-२०४
वाजव. सातला मात्र बंद, बाळाची झोपायची वेळ.

ए-१०२
आणि ती पहिली जुनी जोडी टाकली नाहीस ना? फ्यूज उडाला तो सॉकेटमुळे. ते व्हॉल्व्ह चांगले असतील. काचेच्या आत वर चंदेरी डाग आहे का बघ. पांढरा पडला असेल तर हवा शिरली, गेला तो. चंदेरी असेल तर घेऊन ये खाली.

बी-३०४
दोन्हींचे चंदेरी आहेत. येतो.