राजीनाम्याची पळवाट

पक्षांतरबंदी कायद्यामुळे (राज्यघटनेची दहावी अनुसूची) एका पक्षाचे दोन-तृतीयांश आमदार फुटल्याशिवाय पक्षांतर पचत नाही, असं म्हणतात. आमच्या मध्य प्रदेशात ते सहज पचलं. मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या ११४ पैकी २२ आमदार गेले, म्हणजे दोन-तृतीयांशच्या जवळपासही नाही. पण त्यांनी आमदार असताना पक्षांतर केलंच नाही, आधी थेट आमदारकीचा राजीनामा दिला आणि मग भाजपात गेले. दहाव्या अनुसूचीला हात लावायला जागाच उरली नाही आणि कमलनाथ सरकार पडलं. खरा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार आमदार नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येतं. त्याच जोरावर यांच्यापैकी १४ जण मंत्री झाले आणि त्यातले बहुतेक मंत्री म्हणूनच पोटनिवडणुकीत मतं मागत फिरले!

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला. एकाच आमदारासाठी दोन वर्षांत दुसऱ्यांदा रांगेत उभं राहायचं, तेही कोरोनात, याची चीड इथल्या मराठी घरांतही होती. निकालात ती दिसली: जिल्ह्यात तीन जागांवर पोटनिवडणूक झाली, ग्वाल्हेर पूर्व आणि डबरा इथे पक्ष बदललेले हरले. डबऱ्याच्या तर मंत्री होत्या. राज्यात मात्र २८ पैकी १९ जागा भाजपला मिळाल्या आणि सरकार टिकलं. राजीनामा देणाऱ्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद नाही, एवढी दुरुस्ती तरी व्हायलाच हवी.