ज्युदो: पडण्याची भीती एकट्याने पडून जाते का?

हानेगोशी
नवख्या मुलांना पहिल्या आठवड्यातच एकमेकांना फेकायला लावणं मला अजिबात मान्य नाही. उकेमी, म्हणजे पडण्याचं तंत्र, अंगवळणी पडेपर्यंत फेक नको. मागे पडण्यापासून सुरुवात करा: आधी उताणं झोपून, मग बसून, मग उकिडवं, शेवटी उभ्याने. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर. हात अंगापासून ३० ते ४५ अंशांवर, तळवे खाली, आणि कोपरापासून बोटांपर्यंतचा सगळा हात एकदम आपटायचा. हात जास्त फाकला तर खांदा ताणला जातो, अंगालगत राहिला तर कोपर अंगाखाली सापडतं. बूड टाचेच्या जितकं जवळ टेकेल तितका दणका कमी. सलग दहा वेळा डोकं मॅटला न लागता पडता आलं, तरच पुढची पायरी.

मातीतून_मॅटवर
पायऱ्या बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. एकट्याने पडताना केव्हा पडायचं ते आपण ठरवतो. फेकीत ते दुसरा ठरवतो, आणि भीती नेमकी त्याचीच असते. म्हणून एकट्याने सुरेख पडणारी मुलं पहिल्याच फेकीला ताठरतात, श्वास रोखतात आणि हात मागे टेकवतात. अख्खं वजन त्या हातावर आलं की मनगट, कोपर नाहीतर कॉलरबोन जातं.

कुस्तीतून आलेल्यांचा प्रश्न तर आणखी अवघड. चीत व्हायचं नाही हे तालमीत हाडीमासी भिनलेलं असतं, त्यामुळे ते हवेतच पालथं व्हायला बघतात. एकट्याच्या सरावाने ही सवय सुटत नाही. पहिल्या दिवसापासून जोडी द्या, फक्त उंची कमी ठेवा. पडणारा हात-गुडघ्यांवर ओणवा. जोडीदार त्याचा पलीकडचा हात पोटाखालून ओढून त्याला कुशीवर पाडतो. पडायची उंची जेमतेम फूट-दीड फूट. पुढे गुडघ्यावर बसून, मग उभ्याने सावकाश हिझा-गुरुमा, म्हणजे गुडघ्याला तळपाय लावून फिरवत पाडायची फेक. पडताना तोंडाने श्वास सोडायला लावा. श्वास सुटला की अंग आपोआप सैल पडतं.

बाहीचा_हात
फेकणाऱ्याचं काय? निम्मी भीती त्याच्यामुळेच असते. जोडीदार टेकेपर्यंत बाही वर खेचून धरली, तर त्याचं डोकं मॅटवर आपटण्याची शक्यता बरीच कमी होते. नवखा फेकणारा बाही सोडतो किंवा स्वतःच वर कोसळतो. म्हणून पडण्याइतकाच बाही धरण्याचाही सराव घ्या. आणि ओसोतो-गारी, म्हणजे पाय मागून उडवून उताणं पाडायची फेक, नवख्यांना नकोच. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीन दशकांत शाळांतल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलं दगावली. डोक्याच्या गंभीर दुखापतींत नवखी मुलं आणि हीच फेक वारंवार दिसते. डोकं आपटलं नाही, नुसता जोराचा हिसका बसला, तरी मेंदूवरच्या शिरा फाटू शकतात.

हानेगोशी
ही आकडेवारी माझंच म्हणणं बळकट करते! हिसक्यात डोकं सांभाळायला मान लागते, आणि ती एका दिवसात तयार होत नाही. उताणं झोपून डोकं जरा उचलून धरणं रोज करून घ्या. ज्याची हनुवटी दमल्यावर सुटते, त्याला उभ्याने फेकू नका, मग जोडीदार कितीही सांभाळून घेणारा असो. ओणव्याने कुशीवर पाडण्याला माझी हरकत नाही. तिथे मागे पडणं नाही आणि उंचीही नाही. ते पहिल्या आठवड्यात घ्या. उभ्याने फेक मात्र नाहीच.

मातीतून_मॅटवर
मानेचं मान्य. पण मग उभ्या फेकीची वेळ आली की बरेच वर्ग भीती घालवायला फूटभर जाडीची गादी घालतात, त्याला माझा विरोध आहे. गादीत अंग रुततं, हाताची थाप उशिरा पडली तरी काही लागत नाही, आणि तीच उशिराची थाप मुलं चार-पाच सेंटिमीटरच्या ततामीवर, म्हणजे ज्युदोच्या नेहमीच्या मॅटवर, घेऊन येतात.

बाहीचा_हात
गादी सरसकट बाद करू नका. एखादी नवी फेक पहिल्यांदा खाताना दोन-तीन वेळा गादी, लगेच ततामी, त्याच तासात. मध्ये आठवडा गेला तर तुम्ही म्हणता तेच होतं. आणि कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा उलटी झाली, तर त्याचा सराव तिथेच थांबवून डॉक्टरकडे न्या. घरी एकटं पाठवू नका.