नातेवाइकांच्या दारात आरव्ही लावताना
उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्हीने, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, निघावे आणि वाटेतल्या नातेवाइकांकडे त्यांच्याच ड्राइव्हवेवर मुक्काम करावा, ही सूचना मला मनापासून पटते. मात्र अमेरिकेतील अनेक वसाहतींच्या घरमालक संघटना आरव्ही रात्रभर दारात उभी करू देत नाहीत, त्यामुळे यजमानांना नियम आधीच विचारून घ्यावेत. गॅरेजमधला साधा प्लग बहुधा १५ अँपिअरचा असतो, आणि ३० अँपिअरची आरव्ही अ‍ॅडॅप्टर लावून त्याला जोडली, तरी छतावरचा एसी व मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालवल्यास ब्रेकर ट्रिप होतोच. वृद्ध आईवडील सोबत असल्यास त्यांची झोपण्याची सोय घरातच करावी, कारण गाडीच्या उंच, अरुंद पायऱ्या अंधारात उतरणे त्यांना झेपत नाही. सांडपाण्याची टाकी पोहोचण्यापूर्वीच एखाद्या कॅम्पग्राउंडच्या डम्प स्टेशनवर रिकामी करावी.