कॅलरी मोजून पण वजन मुंगीच्या पावलांनी उतरतंय, गळती कुठं आहे?

पेठेतली_सूनबाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज विचारायचंच म्हणून बसले. वय ३८, उंची १५८ सेंमी, वजन आत्ता ७४ किलो. दिवाळीचा फराळ संपल्यावर ॲप घेतलं, वय उंची सगळं भरलं, कामाच्या ठिकाणी 'हलकी हालचाल' निवडलं, तर ते म्हणालं रोज १४०० कॅलरी खा, आठवड्याला अर्धा किलो जाईल. आता पाऊस सुरू झाला तरी उतरलंय किती तर साडेतीन किलो. म्हणजे आठवड्याला नाही, महिन्याला अर्धा किलो. आणि मी खोटं भरत नाही हो, चहात साखर किती ते पण टाकते.

खाणं म्हणाल तर सकाळी चहा, वाटीभर पोहे नाहीतर उप्पीट, दुपारी डब्यात दोन चपात्या नि भाजी, संध्याकाळी परत चहा, रात्री एक भाकरी, भाजी, आमटी-भात. रविवारी मटण असतंयच. तेल मी दिवसाला दोन छोटे चमचे धरते. ऑफिसात दिवसभर खुर्चीत, आठवड्यातनं दोन-तीनदा रात्री जेवून रंकाळ्यावर तासभर चालते. थायरॉईड तपासून झालंय, टीएसएच नॉर्मल आहे.

आता खरी अडचण. स्वयंपाक सासूबाई करतात, घरात सहा माणसं. मी प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवायला गेले तर घरात महाभारत होईल. जाऊबाई परवा म्हणाल्याच, एवढं मोजतीस पण दिसत तर काय नाही. १२०० वर आणू का? का माझं शरीरच तसलं आहे?

तर्री_जास्त

ताई भात बंद करा आणि १२०० वर या. मी भात सोडला आणि महिन्यात पँट ढिली. बाकी कोल्हापुरात राहून मटण सोडा असं मी तरी कुणाला सांगणार नाही, पाप लागंल.

आकडेमोड्या

वरच्या भावानं भात सोडल्यावर जे गेलं त्यात पहिल्या आठवड्याचं बरंचसं पाणी होतं. शरीरात साठलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतंय, भात-चपाती कमी केली की दोन्ही निघून जातात. चरबी हलायला वेळ लागतो. असो.

ताई, तुमचेच आकडे घेऊन बसलो जरा. मिफ्लिन-सेंट जिओर म्हणून १९९० चं सूत्र आहे, बरीच ॲप तेच वापरतात. बाईसाठी दहा गुणिले वजन, अधिक सव्वासहा गुणिले उंची, वजा पाच गुणिले वय, वजा १६१. तुमचं येतं साधारण १३७७. म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी एवढं लागतंय. ॲपला तुम्ही 'हलकी हालचाल' सांगितलीत म्हणून त्यानं १.३७५ नं गुणलं, १८९० च्या आसपास आलं, त्यातनं ५०० काढले, झाले १४००. हिशेब बरोबर, पण तुम्ही तर दिवसभर खुर्चीत. खुर्चीवाल्याला १.२ नं गुणायचं, येतं १६५०. तासभर चालण्याचे, बसून राहिलो असतो त्याच्यापेक्षा वरचे म्हणून पावणेदोनशे-दोनशे धरा, आठवड्यात विभागले तर रोजचे साठ-सत्तर. म्हणजे खर्च १७०० ला थोडं वर. १४०० खाल्ले तर तूट ३०० ची. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरी, तेव्हा महिन्याला एक किलोच्या जरा वर जायला पाहिजे. आठवड्याला अर्धा हा तुमच्या बाबतीत सुरुवातीपासनंच फुगवलेला आकडा होता.

आता उलटं बघा. प्रत्यक्षात महिन्याला अर्धा किलो जातोय, म्हणजे खरी तूट रोजची १३० च्या आसपास. ३०० आणि १३० मधले जे पावणेदोनशे आहेत तेवढेच तुमच्या वहीत चढत नाहीयेत. शरीर तसलं वगैरे काही नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी उतरत नाही म्हणणारी माणसं घेतली होती. त्यांचा चयापचय नॉर्मल निघाला, आणि खाणं मात्र सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेलं, व्यायाम ५१ टक्के जास्त. तुमचं तर फारच कमी चुकतंय त्या मानानं, खरं सांगायचं तर कौतुक आहे.

पावणेदोनशे कॅलरी म्हणजे किती? तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. वीस ग्रॅम तेलात विषय संपला.

सायकलवाली

१२०० वर आणू नका हो. आत्ताच ३०० ची तूट मोजताना निम्मी गळतीय, १२०० लिहिलं तर संध्याकाळी पाचला भूक लागून शेव-चिवड्याचा डबा उघडला जाणार आणि तो कुठंच लिहिला जाणार नाही. त्यापेक्षा प्रथिनं बघा, तुमच्या यादीत सोमवार ते शनिवार आमटी सोडून काहीच दिसत नाही. दोन अंडी (मिळून दीडशेच्या आत), उसळ, घट्ट दही असं काहीतरी डब्यात घाला. वजन उतरताना स्नायू पण उतरतात, ते थांबवायला प्रथिनं आणि थोडं वजन उचलणं लागतं, जिम नसेल तर घरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सुरू करा.

दुसरं, काट्यावर कधी उभ्या राहता? सोमवारी सकाळी असेल तर बंद करा ते. रविवारचं मटण, रस्सा, त्यातलं मीठ, वर भात, सोमवारी किलोभर वाढलेलं दिसणारच, ते पाणी आहे. पाळीच्या आधीचे दिवस पण तसेच. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन बघा, लिहा आणि विसरा, आठवड्याची सरासरी काढा, आणि ह्या सरासरीची मागच्या महिन्यातल्या सरासरीशी तुलना करा. एका दिवसाच्या आकड्यावर नवऱ्याशी भांडू नये. कंबर पण मोजा टेपनं, आपल्याकडं बायकांना ८० सेंमीच्या आत सांगतात, पुरुषांना ९०.

आणि घड्याळ किंवा ॲप चालण्याच्या कॅलरी दाखवतंय त्या खाऊन टाकत असाल तर तेही एक भोक आहे बघा.

भाकरी_थापणारी

अगं पोरी सासूबाईंच्या हातातली पळी धरायची गरजच नाही. मी पण एकत्र घरातलीच, आठ माणसांत चाळीस वर्षं काढलीत. किराण्याची यादी बघ. घरात महिन्याला तेल किती येतं? समज पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो आणि माणसं सहा. एकाच्या वाट्याला झालं आठशे मिलीच्या वर, दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तू धरतेस दोन छोटे चमचे, त्याचे ऐंशी-नव्वद. सणासुदीला तळणीचं उरलेलं, पाहुणे-रावळे असं थोडं वजा कर, तरी शंभरभर राहतंच. ह्यात कुणाला काही विचारायला नको, बोलायला नको.

भाजीचं पण तसंच. पातेलं रिकामं असताना एकदा वजन करून ठेव आणि आकडा फडताळाच्या आत चिकटव. भाजी झाली की भरलेलं पातेलं काट्यावर, वजा कर, तुझ्या ताटातली वाटी किती ग्रॅम ते बघ. सगळ्या भाजीत काय काय पडलं ते एकदाच लिहायचं, आपल्याकडं त्याच सात-आठ भाज्या फिरून फिरून येतात.

आणि भाकरी! ॲपात कुठं शंभर लिहिलंय कुठं दीडशे. पुण्या-मुंबईकडच्या तळहाताएवढ्या भाकरीला असेल ते. आपली ताटभर भाकरी ऐंशी ग्रॅम पिठाची सहज होते, कडेनं जाड थापली तर शंभराची. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठाला साडेतीनशेच्या जरा आतबाहेर. तेव्हा एक भाकरी पावणेतीनशे धर. नेहमी कोरडं पीठ मोजायचं, मळलेला गोळा नाही, त्यात पाणी असतं.

आकडेमोड्या

काकूंनी तेलाच्या डब्याचं जे सांगितलं ते मला सुचायला पाहिजे होतं, नाद खुळा. भाताला पण तोच नियम. शंभर ग्रॅम कोरडा तांदूळ साडेतीनशे कॅलरी, शंभर ग्रॅम शिजलेला भात साधारण १३०. ॲपात दोन्ही एंट्र्या एकाखाली एक असतात, घाईत कुठली दाबली त्यावर दिवस बदलतो.

ॲपच्या एंट्र्या कुणीही भरलेल्या असतात, त्यापेक्षा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते बघा, ५२८ भारतीय पदार्थ आहेत, ज्वारी बाजरी खोबरं सगळं. फक्त त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८ नं भागायचं. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा वाटलं ज्वारी खाऊन रॉकेट उडंल.

चहाला दूध कसलं?

पेठेतली_सूनबाई

दूध म्हशीचं, गवळ्याकडनं. ॲपात 'होल मिल्क' टाकते.

बाकी काल जरा वेळ काढून ओट्यापाशी उभी राहिले. सासूबाई फोडणीला स्टीलची खोल पळी वापरतात, ती मी आत्तापर्यंत कधी नीट बघितलीच नव्हती. त्यांना म्हटलं आई, एक पळी ह्या वाटीत ओता, मला बघायचंय. त्यांनी न बोलता ओतली, नेहमीसारखीच, काठोकाठ. काट्यावर २२ ग्रॅम. वांग्याच्या भाजीला दोन पळ्या, आमटीला एक. म्हणजे ६६ ग्रॅम सहा माणसांत, अकरा ग्रॅम एका जेवणाला. दोन वेळचं धरलं तर बावीस, काकूंच्या डब्याच्या हिशेबाच्या जवळच. वर खर्ड्यावर कच्चं तेल, ते तर प्रत्येकजण आपापलं घेतो.

सासूबाई वाटीकडं बघत म्हणाल्या, मला पण डॉक्टरांनी तेल कमी सांगितलंय, सांगायचीस की आधी. आता त्यांनीच पळी बदलून छोटा डाव काढलाय. सासरे कालच्या भाजीला घसा कोरडा पडला म्हणाले, पण ते ओट्यापर्यंत पोचलं नाही.

आकडेमोड्या

हेच तर, सासूबाईंना सोबत घेतलंत हे बेस्ट केलंत.

म्हशीच्या दुधाला शंभर मिलीला नव्वद-शंभर धरा, फॅट सहा-सात असतंय. होल मिल्कची एंट्री गाईच्या दुधाची, साठ-पासष्टची. दोन चहा मिळून दीडशे मिली दूध जात असेल तर तिथं चाळीस-पन्नास सुटतायत. तेलाचे शंभर-सव्वाशे आणि हे पन्नास, आले की पावणेदोनशे.

आता एक सांगतो ते पटलं तर बघा. हे सगळं तंतोतंत करायच्या मागं लागू नका. दर महिन्याला सरासरी वजन किती उतरलं त्यावरनं खरी तूट काढायची आणि ॲपातला आकडा तेवढा सरकवायचा. समजा तुम्ही कायम दीडशे कमी लिहिताय, पण रोज सारखंच कमी लिहिताय, तर काही बिघडत नाही, १४०० च्या जागी १२५० ला तुमची रेघ मारा आणि ती खरी १४०० च आहे असं समजा. बिघडतं कुठं, तर एक दिवस काटेकोर आणि दुसऱ्या दिवशी अंदाजपंचे केलं की. मग कुठला आकडा सरकवायचा तेच कळत नाही.

सायकलवाली

हे बरोबर आहे, फक्त ताई, एकतर तेल-दूध नीट लिहा नाहीतर रेघ खाली घ्या. दोन्ही एकदम केलंत तर खरंच १२०० वर जाल.

आणि महिन्याला किलोभर हा वेग तुमच्या उंचीला चांगला आहे, जाऊबाईंना दिसेल गणपतीपर्यंत.

तर्री_जास्त

ते सगळं ठीक, मी पण आजपासनं लिहिणार म्हणतोय. रविवारी सकाळची मिसळ किती धरायची ते सांगा. आणि तर्री बाजूला काढून खा असं कुणी सांगितलं तर मी हा धागा सोडतोय.

भाकरी_थापणारी

तर्री काढून मिसळ खायची तर घरी मटकीची उसळ खा बाबा, आठवडाभर खा.

आकडेमोड्या

काढू नका, मोजा. साठ ग्रॅम शेव-फरसाणाचे तीनशेच्या वर जातात, मटकीचे शंभरभर. कटातलं तेल हॉटेलागणिक वेगळं, तरी वीस ग्रॅम धरलं तर १८०. ब्रेडच्या एका स्लाइसला सत्तर, चारचे २८०. सगळं मिळून साडेआठशे-नऊशे लिहा आणि दुपारचं जेवण हलकं ठेवा. जादा कट घेतला तर शंभर वाढवा. आणि स्लाइस चारच धरलेत, तुम्ही सहा खाणार हे मला माहीत आहे, त्याचे १४० वेगळे.